नऊ

एकतीस वर्षं तिनं प्रेसमध्ये नोटांचे ताव तपासले.
चांगला असला की हात पुढं सरकायचा,
डाग, पसरलेली शाई, अर्धवट आकडा दिसला
की ताव बाजूला.
झटका आला तेव्हा सगळे शब्दच बाजूला गेले.
एक तेवढा उरला: बरोबर.

तहान लागली, बरोबर.
उजवा खांदा ठणकतो, बरोबर.
माझी बहीण मनमाडहून भेटायला आली, रडायला लागली,
तिलाही हिनं सांगितलं, बरोबर.
ती आणखी रडली.

जेल रोडच्या आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही.
दुसरा मजला, चौतीस पायऱ्या.
चौघांनी खुर्चीत बसवून तिला वर आणलं,
तेव्हापासून दवाखानाच जिना चढून येतो.

सोमवारी, गुरुवारी तेजल भामरे, सातपूरहून, स्कूटीवर.
हेल्मेट फ्रिजवर ठेवते
आणि हिचा पाय उचलते
झोपलेलं पोर या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यावं तसा.
बोलण्यासाठी मन्यार सर. कार्डावरचं सफरचंद हिला सुचेना
तर पिशवीतून खरी द्राक्षं काढली,
म्हणाले, आधी चाखा, नाव मग बघू.
निनावे मॅडमनी मोरीत दांडा ठोकून घेतला,
चमच्याला जुनं फडकं गुंडाळलं, जाड,
मुठीत मावेल असं.
फिलोमिना सिस्टर बीपी बघते, गोळ्यांची डबी हलवून बघते,
आणि विचारते मला: तुम्ही जेवलात का?

सगळ्यांत मिळून एक वही.
टीव्हीशेजारी, पेन सुतळीनं बांधलेलं.
"टाच आधी टेकवा. गडबड नको."
त्याखाली सरांचं तिरकं अक्षर:
"त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. थांबा."
त्याखाली सिस्टर: "रात्री झोप नाही. दोघांनाही."
मला कोणी सांगितलं नव्हतं, पण मीही लिहायला लागलो.
"आज चौदा वेळा बरोबर. त्यातली तीन रागाची."
सरांनी खाली दोन रेघा ओढल्या.
म्हणाले, हे आम्हाला तासाभरात दिसत नाही, काका.

मग हळूहळू लागला हिशोब.
नाकातून आलेलं बरोबर म्हणजे नको.
लांबवलेलं म्हणजे मोरी.
देवळालीकडून तोफांचा सराव ऐकू आला
की एक अगदी बारीक, स्वतःशी.
त्याचा अर्थ अजून कोणालाच लागलेला नाही.

एका गुरुवारी तेजल द्वारका चौकात पंक्चर.
फोनवर म्हणाली, काका, आज तुम्हीच घ्या,
खुर्चीवरून उठणं-बसणं, दहा वेळा.
मी तिच्या कमरेचा पट्टा धरून समोर,
दूध गॅसवर, अर्धं लक्ष तिकडं.
सहा. सात. आठ. दहा.
झालं, म्हणालो.

ती बसली नाही.
उभी राहून माझ्याकडं बघत राहिली,
ताव बघायची त्या नजरेनं.
ओठ दोनदा जुळले, दोनदा सुटले.
मला माहीत होतं काय म्हणायचंय,
मी वाक्य पुरं केलं नाही.
दूध उतू गेल्याचं ऐकलं, जळकट वास आला,
पट्टा सोडला नाही.

"चूक."

आणि खाली बसली,
आणि राहिलेलं एक उठली.

वहीत मी तारीख घातली, वेळ घातली,
शब्द लिहिला, ऱ्हस्व की दीर्घ ते दोनदा तपासलं.
सर संध्याकाळी आले, त्यांचा वार नसताना,
पान उघडून नुसते बसून राहिले.
सिस्टरनं विचारलं, दूध किती गेलं?

शुक्रवारी तो शब्द नव्हता. शनिवारीही नाही.
हिला विचारलं तर म्हणाली, बरोबर.

चौतीसपैकी सहा पायऱ्या उतरतो आता आम्ही,
आणि सहा परत चढतो.
मोजताना कधीकधी मी मुद्दाम एखादा आकडा गाळतो.
ती बघते.
मी थांबतो.